नव्या आशाताईस: बाळाची त्वचा पाहताना

ताई, बाळ पाहायला गेल्यावर त्याला दाराशी, उजेडात घ्या आणि झबले, लंगोट, मनगटातले काळे दोरे बाजूला सारून सगळे अंग पाहा, कारण कितीदा तरी पुरळ घड्यांतच लपलेले असते. वैशाखात आपल्याकडे मानेवर, पाठीवर उठणारे बारीक पुरळ म्हणजे बहुधा घामोळ्याच. सैल सुती कपडा आणि ओल्या फडक्याने पुसणे पुरते, पावडरचे थर नकोत.

खरजेचे तसे नाही. मोठ्या मुलांत ती बोटांच्या बेचक्यांत दिसते, पण तान्ह्या बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर, डोक्यावरही फोड येतात आणि 'उष्णता' म्हणून ते सोडून दिले जातात (पहिल्या वर्षी मीही सोडले होते). म्हणून आईची मनगटे पाहा, रात्री घरात आणखी कोण खाजवते ते विचारा; साऱ्या घराने एकाच वेळी मलम लावले नाही, तर खरूज परतून येते.

फिकट चट्टा सुन्न वाटल्यास कुष्ठरोगाची तपासणी करवून घ्या. मात्र दोन महिन्यांच्या आतील बाळाला 10 किंवा अधिक पुवाचे फोड असतील, किंवा कोणत्याही मुलाला तापासोबत बोटाने दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर त्याच क्षणी रुग्णवाहिकेसाठी 108 लावा.