निगमन आणि विगमन: रोजच्या विचारात आपण यातलं नक्की काय वापरतो?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही व्याख्या पाठ आहेत. नियमावरून एखाद्या गोष्टीकडे येणं म्हणजे निगमन, आणि अनुभवांवरून नियमाकडे जाणं म्हणजे विगमन. पण घरात, गाडीत, बाजारात डोक्यात यातलं कोणतं चालू असतं ते ओळखता येत नाही, आणि सराव कसा करावा हेही कळत नाही. मी मुंबईत अकरावी-बारावीला तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवते, आणि वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो. ओळखता येत नाही, कारण दोन्ही एकमेकांत विणलेली असतात.

मी कांजूरमार्गला राहते. जलद लोकल कांजूरला थांबत नाही, समोर आलेली जलद आहे, म्हणून ती सोडायची. हे चोख निगमन. पण रविवारी मेगाब्लॉक असला आणि जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवलेल्या असल्या, की मीच दारातल्या बाईला विचारते, "कांजूरला थांबेल का हो?" मानसशास्त्रज्ञ रूथ बर्न यांनी १९८९ साली प्रयोगात हेच दाखवलं. 'तिला निबंध लिहायचा असेल तर ती उशिरापर्यंत ग्रंथालयात बसते. तिला निबंध लिहायचा आहे' एवढंच सांगितलं तर बहुतेक सगळे म्हणतात, ती बसेल. त्यात 'ग्रंथालय उघडं असेल तर ती बसते' हे वाक्य घातलं की बरेच जण मागे सरतात. पेपरात असं मागे सरण्याचे गुण जातील, कारण पहिला नियम जसाच्या तसा धरला तर 'ती बसेल' हेच उत्तर येतं. मला मात्र यात चूक दिसत नाही. रोजचे नियम 'एरवी' हा शब्द पोटात ठेवूनच चालतात.

आता मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं १९६६ चं गाजलेलं कोडं. चार पत्ते: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या असते. नियम पाळलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण 'अ आणि ४' म्हणतात. बरोबर उत्तर 'अ आणि ७'. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. अशा कोरड्या रूपात दहातला एखादाच बरोबर येतो.

वर्गात मी हे फळ्यावर लिहिते. सगळे चुकले की पुसते आणि म्हणते, तुम्ही टीसी आहात. नियम: फर्स्ट क्लासात बसलेल्याकडे फर्स्टचा पास हवा. एक माणूस फर्स्टमध्ये बसलाय, एक सेकंडमध्ये. तिसऱ्याबद्दल एवढंच माहीत आहे की त्याच्याकडे फर्स्टचा पास आहे, चौथ्याकडे सेकंडचा. कोणाकोणाला तपासाल? अर्ध्या मिनिटात उत्तर येतं: पहिल्याचा पास बघू आणि चौथा कुठे बसलाय ते बघू. फर्स्टचा पास असलेला सेकंडमध्ये बसला तर बसू दे! कोडं तेच, सांगाडा तोच. ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये बिअर पिण्याच्या वयाचा नियम घेऊन पाहिलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी बरोबर आले. हे का होतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फसवणूक पकडण्याची आपल्याला खास नजर असते असं मानसशास्त्रज्ञ लेडा कॉस्मिडीस मांडतात, ते सगळ्यांना पटत नाही. पण एवढं दिसतं, की निगमनालासुद्धा ओळखीच्या अनुभवाचा आधार लागतो.

आणि तो अनुभवच अपुरा असला तर? २६ जुलै २००५ ला मी फोर्टमध्ये नोकरी करत होते. दुपारी सासूबाईंचा फोन आला, "अगं, इथं काळोख झालाय, निघू नकोस." मी खिडकीतून पाहिलं. रिपरिप होती, कोपऱ्यावरची वडापावची गाडी चालू होती. म्हटलं, "आई, दरवर्षीचंच आहे, दोन तासांत ओसरतं." निघाले. शीवच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. रात्र डब्यात काढली आणि सकाळी रुळांवरून चालत घर गाठलं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला होता, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या, फोर्टशेजारच्या कुलाब्याला जेमतेम पंच्याहत्तरच्या आसपास.

माझं निगमन बिनचूक होतं. 'दरवर्षी ओसरतं' हे आधारविधान मात्र मी पंधरा पावसाळ्यांवरून आणि एका खिडकीवरून उभं केलं होतं, आणि हेच विगमन. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. फोर्ट आणि शीवच्या पुढचं कुर्ला त्या दिवशी एका पातेल्यात नव्हते. सासूबाई मोठ्या पातेल्यातला भात बघताना वरचं एक शीत घेतात आणि डाव खुपसून तळाचं एक. ही सवय मी त्यांच्याकडून उचलली, स्वयंपाकातही आणि शिकवण्यातही.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेत, नियम आणि अनुभव यांना जोडणारा हा धागा तुटलेला नाही. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. नियमाला लागूनच उदाहरण सांगायचं, असा त्या पंचावयवी, म्हणजे पाच भागांच्या, मांडणीचा दंडक आहे. त्यातल्या पाचव्या अवयवाचं नावच निगमन.

सरावासाठी मी मुलांना एक वही देते. दिवसातला एक निष्कर्ष लिहायचा, त्यामागचं 'सगळे', 'नेहमी', 'कधीच' असलेलं वाक्य शोधायचं, आणि ते किती शितांवरून आलं, ती शितं कुठली, ते शेजारी लिहायचं. मागे एका मुलीने लिहिलं होतं, 'रिक्षावाले जवळचं भाडं घेतच नाहीत.' शेजारी: 'चार रिक्षा. चारही घाटकोपर स्टेशनबाहेर, संध्याकाळी सात वाजता, पावसात.'