टाके तिरके, कडा केसाळ आणि रिव्हेटभोवती हिरवं काहीतरी: लेदरकामाचे तुमचे प्रश्न

या वेळी प्रश्न भरपूर आलेत आणि सगळे छापणं शक्य नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. वाचताना एक गोष्ट जाणवली, बहुतेकांनी जिथे बिघाड दिसला तिथलंच विचारलंय आणि बिघाड खरं तर दोन पायऱ्या आधी झालेला असतो. त्यामुळे उत्तरं जरा मागे जाऊन दिलीत, कंटाळू नका.

प्रश्न: दादा, पाकिटाच्या कडा घासून घासून हात भरून आले. काचपेपर झाला, पाणी झालं, डिंक झाला, कड घासायचा लाकडी स्लिकर झाला. तरी कड केसाळच राहते, लोकांच्या व्हिडिओत कशी काचेसारखी होते?

उत्तर: आधी सांगा, चामडं कुठलं आहे? व्हेज टॅन की क्रोम टॅन? मला शंका आहे की तुमचं क्रोम टॅन आहे आणि तसं असेल तर जन्मभर घासलंत तरी ती कड चमकणार नाही, त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. व्हेज टॅन म्हणजे झाडाच्या साली-पानांतल्या टॅनिननं कमावलेलं चामडं, ते ओलं करून घासलं की घर्षणाच्या उष्णतेनं त्याचे तंतू दबतात आणि एकमेकांना धरून बसतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ, लवचीक असतं, त्याचे तंतू दाबले तरी परत उठतात. म्हणून त्यावर ठसेही उमटत नाहीत.

ओळखायचं कसं? कापलेली कड नीट बघा, मधला थर निळसर-राखाडी दिसला तर क्रोम. नाहीतर मागच्या खरखरीत बाजूला पाण्याचा थेंब टाका, व्हेज टॅन तो पटकन पितं आणि तिथे गडद डाग दिसतो, आणि ओल्या जागी नख दाबलं तर खूण राहते. काही जण तुकडा जाळून बघायला सांगतात, ते करू नका, क्रोमचं चामडं जळताना विषारी क्रोमियम तयार होऊ शकतं आणि वरच्या दोन खुणा पुरेशा आहेत.

क्रोम निघालं तर दोनच रस्ते, एज पेंटचे, म्हणजे कडेला लावायच्या रंगाचे, पातळ पातळ थर (प्रत्येक थर वाळल्यावर हलकं घासून पुढचा), किंवा कड पातळ सोलून आत दुमडून शिवायची. व्हेज टॅन असूनही कड केसाळ राहत असेल तर मग क्रम चुकतोय. आधी चिकटवायचं, शिवायचं, मग सगळे थर काचपेपरनं एका पातळीत आणायचे, मग बेव्हलरनं कोपरे काढायचे, मग २४०, ४००, ६०० असा काचपेपर, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डिंक किंवा टोकोनोल (कड गुळगुळीत करायचं तयार मिश्रण) लावून घासायचं. पाणी अगदी बोटाला लागेल इतकंच, जास्त झालं तर कड फुगून बाहेर पसरते. आणि घासताना जोर नको, वेग हवा. जोर लावला की कड वाकते, आणि हात भरून येतात ते वेगळंच.

प्रश्न: सॅडल स्टिच पुढून छान दिसते, पण पाकीट उलटं केलं की मागचे टाके नुसते दारू प्यायल्यासारखे! कुठे सरळ, कुठे तिरके, एकदोन तर भोकाच्या बाहेरच. मशीन घेऊ का सरळ?

उत्तर: मशीन घ्या की, पण यासाठी नको. मशीनची शिवण म्हणजे दोन दोरे एकमेकांत अडकलेले, एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही राहत नाही आणि शिवण उसवत जाते. हाताच्या सॅडल स्टिचमध्ये एकच दोरा, दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. एवढ्यासाठीच आपण हे हातानं करतो, नाहीतर कोण बसलंय.

आता तुमचे टाके. यात तीन वेगवेगळी कारणं मिसळलेली असतात आणि लोक तिन्हींना एकच उपाय करत बसतात. भोकाबाहेर गेलेले टाके हा शिवणीचा दोषच नाही, भोकं पाडतानाच चिझल (टाक्यांची भोकं पाडायची दातेरी छिन्नी) तिरकी धरली गेली. पुढून रेष सरळ कारण तिथे तुम्ही बघत होतात, मागे ती कुठे निघाली ते कुणी बघितलं? चिझल समोरून आणि बाजूनं दोन्हीकडून उभी आहे ना ते बघूनच ठोका, लोखंडी हातोडी नको, लाकडी किंवा प्लास्टिकची मोगरी घ्या. जाड काम असेल तर दोन्ही तुकड्यांवर वेगवेगळी भोकं पाडून मग जुळवणं जास्त सोपं जातं, अर्थात भोकं मोजून सारखीच असली पाहिजेत.

कुठे सरळ कुठे तिरके, हे मात्र क्रम मोडल्यामुळे. एकच सवय लावा: दर वेळी त्याच हाताची सुई आधी, आणि दुसरी सुई दर वेळी पहिल्या दोऱ्याच्या त्याच बाजूनं. वर तर वर, खाली तर खाली. फोन आला, उठलात, परत बसलात आणि उलट हातानं सुरू केलंत की तो टाका वेगळा दिसणारच. दुसरी सुई घालताना पहिला दोरा जरा मागे ओढून धरा म्हणजे सुई त्याच्यातून आरपार जात नाही, गेली तर टाका आवळलाच जात नाही.

आणि मागचे टाके सगळेच सारखे पण सरळ दिसत असतील तर त्यात चूक काही नाही. चिझलची भोकं मागून बघितली की उलट्या दिशेनं कललेली असतात, त्यामुळे मागे टाका कमी तिरका बसतो. मागेही तिरका हवाच असेल तर दुसरी सुई घातल्यावर तिच्याभोवती दोऱ्याचा एक वेढा टाकून मग दोन्ही बाजूंनी सारखं ओढा. मी स्वतः आतल्या कप्प्यांना हा वेढा टाकत नाही, वेळ जातो आणि कुणी बघत नाही.

प्रश्न: दोरा नेमका किती घ्यायचा? शेवटच्या चार टाक्यांना हमखास संपतो.

उत्तर: शिवणीच्या लांबीच्या साडेतीन ते चारपट, चामडं जाड असेल तर त्याहून थोडा जास्त. ३ मिमी अंतराच्या भोकांना साधारण ०.६ मिमी दोरा शोभतो, ४ मिमीला ०.८. दोऱ्यावर मधमाश्यांचं मेण नसेल तर तो मेणावरून ओढून घ्या. उरला तर उरला.

प्रश्न: चिझल चामड्यात अडकते, उपटताना चामडं ताणून भोकं मोठी होतात.

उत्तर: दात मेणाच्या ठोकळ्यात एकदा खुपसून घ्या आणि काढताना दुसऱ्या हातानं चामडं दातांच्या अगदी लगत दाबून धरा. हलवायचीच असेल तर रेषेच्या दिशेनंच हलवा, आडवी नाही.

प्रश्न: मी दोन घडीचं पाकीट बनवलं. सपाट ठेवलं की एकदम मस्त, पण बंद केलं की आतलं चामडं सुरकुततं आणि पाकीट आपोआप उघडतं. वर पुस्तकं ठेवून बघितली, फरक नाही.

उत्तर: पुस्तकांनी होणार नाही हो, कारण इथे भूमिती आड येतेय. बाहेरचा आणि आतला तुकडा तुम्ही सारख्याच लांबीचे कापलेत. घडी घातली की बाहेरच्या थराला मोठं वळण घ्यावं लागतं आणि आतल्याला लहान, मग आतला जास्तीचा भाग जाणार कुठे, सुरकुत्या पडतात. पूर्ण घडीसाठी हिशोब सोपा आहे: दोन थरांच्या मधल्या रेषांमधलं अंतर गुणिले ३.१४. बाहेरचं चामडं १.५ मिमी आणि आतलं १ मिमी असेल तर मधल्या रेषा सव्वा मिमी अंतरावर येतात, म्हणजे आतला तुकडा साधारण ४ मिमी लहान हवा. दिसायला चार मिमी काहीच नाही, पण तुमचं पाकीट त्या चार मिमीमुळेच उघडतंय.

चिकटवतानाही सपाट ठेवून चिकटवू नका. एक बाजू आधी पक्की करा, मग घडी घातलेल्या अवस्थेत दुसरी बाजू चिकटवा. घडीच्या पट्ट्यात ग्लू लावूच नका. आणि मुख्य चामडं कापण्याआधी जाड कागदाचा नमुना करून घडी घालून बघा, कागद फुकट गेला तर काही बिघडत नाही. जे पाकीट झालंय त्याचे आतल्या भागाचे टाके एका बाजूनं उसवून, जादाची पट्टी कापून परत शिवता येईल, पण जुनी भोकं दिसणार. आतल्या बाजूला चालत असेल तर करा.

प्रश्न: बेल्ट रंगवला, दोन दिवस वाळवला, तरी पांढऱ्या शर्टला रंग लागतो. शिवाय जवळून बघितलं की पट्टे पट्टे दिसतात.

उत्तर: शर्टला लागतो तो चामड्यात मुरलेला रंग नाही, वर बसून राहिलेली भुकटी आहे. रंग वाळल्यावर जुन्या सुती कापडानं घासायचं, कापड स्वच्छ येईपर्यंत, ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि सरळ फिनिश मारतात. मग भुकटी फिनिशच्या खाली अडकते आणि फिनिश झिजलं की बाहेर. आता परत घासा, भरपूर, आणि मग ॲक्रिलिक फिनिश पाण्यात निम्मं निम्मं मिसळून दोन पातळ थर द्या. जाड एकच थर दिला तर बेल्ट वाकतो तिथे तडकून निघेल. नुसतं मेण लावून रंग थांबेल अशी आशा गडद रंगात तरी ठेवू नका. घालण्याआधी ओलसर पांढऱ्या फडक्यानं मागची बाजू चोळून बघा, कारण शर्टला लागते ती मागची बाजू आणि लोक सगळा जीव पुढच्या बाजूवर खर्च करतात.

पट्टे येतात ते एकाच थरात पूर्ण गडद करायच्या घाईनं. रंग पातळ करून तीनचार हात द्या, एक उभा, एक आडवा, एक गोल गोल. आधी नीट्सफूट ऑइलचा (चामड्याला लावायचं तेल) अगदी हलका हात दिला तर रंग सारखा पसरतो. तेल मात्र जपून, जास्त झालेलं तेल परत निघत नाही आणि बेल्ट लुळा पडतो. आणि पट्ट्यांऐवजी ठिपके दिसत असतील तर तिथे ग्लूचं बोट लागलंय, ग्लूखाली रंग जात नाही.

प्रश्न: बॅग कपाटात ठेवली होती, बाहेर काढली तर सगळीकडे पांढरट थर, आणि तांब्याच्या रिव्हेटभोवती हिरवं मेणासारखं काहीतरी. टाकून द्यावी लागेल का?

उत्तर: अहो थांबा. पांढरा थर दोन प्रकारचा असतो आणि उपाय अगदी वेगळे आहेत. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून त्या जागेवर दुरून फिरवा. थर विरघळून नाहीसा झाला तर ती चामड्यातलीच चरबी किंवा मेण, थंडीत वर येऊन गोठलेलं. कापडानं परत चोळून जिरवा, झालं काम.

नाहीसा झाला नाही, लोकरीसारखा दिसतोय आणि कुबट वास येतोय तर बुरशी. मग तोंडाला मास्क लावून बॅग घराबाहेर न्या, कोरड्या ब्रशनं झाडा, घरात झाडलंत तर बुरशीचे बीजाणू बाकीच्या चामड्यावर जाऊन बसतील. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन कापड फक्त ओलसर करून पुसा, आधी कुठेतरी लपलेल्या जागी रंग जातो का बघा. सावलीत वाऱ्यावर वाळवा, उन्हात नाही. पुढे प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती पिशवी आणि सिलिका जेलची पुडी.

ते हिरवं म्हणजे तांबं आणि चामड्यातले तेलकट पदार्थ यांची प्रतिक्रिया, पितळेच्या बकलवरही येतं. लाकडी टूथपिकनं खरवडा, कापडानं पुसा, बॅग वापरायला घ्या. परत आलं तर त्या भागाला तेल कमी लावा. तेल जास्त झालं की हे जास्त येतं, आणि हौशी लोकांचा तेलाचा हात सढळ असतो हे मी बघितलंय.

प्रश्न: मी नववीत आहे. ठसे मारायला चामडं ओलं केलं तर त्यावर निळे-काळे डाग आले, आणि ठसेही नीट उठले नाहीत. डाग जातील का?

उत्तर: डाग लोखंडाचे आहेत. व्हेज टॅनमधलं टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले की काळं होतं, गंजलेली पट्टी, स्टील वूलचा कण, ओल्या चामड्यावर विसरलेली कात्री, काहीही पुरतं. लिंबाचा रस थोड्या पाण्यात घालून कापसानं सगळ्या तुकड्यावर सारखा फिरव, फक्त डागावर लावलास तर तिथे फिकट ठिपका दिसेल, मग साध्या पाण्यानं पूस. बहुतेक डाग फिके होतात. ऑक्झॅलिक ॲसिड वापर असं कुणी सांगितलं तर ते विषारी आहे, तू नको वापरूस. बाय द वे, लोक हीच प्रतिक्रिया मुद्दाम घडवतात, व्हिनेगरमध्ये स्टील वूल विरघळवून त्यानं चामडं काळं करतात आणि तो काळा रंग हाताला लागत नाही.

ठसे उठत नाहीत कारण तू ओल्या ओल्यावरच मारलेस. स्पंजनं ओलं कर, थोडा वेळ तसंच ठेव, रंग जवळजवळ मूळचा झाला पण गालाला लावल्यावर अजून गार लागतंय तेव्हा ठसा मार. फार ओलं असेल तर ठसा पसरतो, कोरडं झालं तर वरवर उमटतो. खाली दगडी फरशी किंवा जाड टणक काहीतरी हवं, टेबलावर मारशील तर निम्मा ठोका टेबल खाणार आणि वर आईची बोलणी.

प्रश्न: प्रेस बटणं महिन्याभरात निघून येतात. हातोडी कमी पडतेय का?

उत्तर: उलट, बहुधा जास्त पडतेय. बटणाच्या दांड्याची लांबी चामड्याच्या जाडीला जुळली पाहिजे. दांडा फार लांब असेल तर ठोकल्यावर तो गोल न पसरता एका बाजूला कोलमडतो, वरून बसल्यासारखं वाटतं पण दोनचारशे वेळा उघडझाप झाली की निघतं. फार आखूड असेल तर पसरायला धातूच उरत नाही. सेटर, म्हणजे बटण ठोकून बसवायचं हत्यार, त्याच मापाच्या बटणाचा हवा, एक जोरदार ठोका मारण्यापेक्षा तीनचार मध्यम ठोके मारा आणि बसवल्यावर बोटानं फिरवून बघा, फिरलं तर सैल आहे. मऊ पातळ चामड्यात बटण भोकासकट उपटून येत असेल तर आतून कडक चामड्याची छोटी चकती चिकटवा आणि दोन्ही थरांतून एकदम नवं भोक पाडा, ते दांड्याला घट्ट बसेल इतकंच, सैल नको.