'फोर्टनाइट'मधली रात्र आणि उर्दूतली जुमेरात

मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे की, 'फोर्टनाइट' या शब्दाचा अर्थ 'पंद्रह दिन' असा सांगितला की मुले तारीख काढताना हमखास एका दिवसाने चुकतात, आणि या शब्दात रात्र कुठून आली हे कोणी विचारले तर उत्तर सुचत नाही. तेव्हा हा शब्द उर्दूभाषक मुलांना कसा समजावून द्यावा?

फोर्टनाइट म्हणजे चौदा दिवस, म्हणून तारखांचा प्रश्न असेल तेथे 'दो हफ्ते' हाच पर्याय मला बिनचूक वाटतो. 'हफ्ता' हा शब्द फारसी 'हफ्त' म्हणजे सात यापासून आला आहे आणि आपल्या 'सप्त'चा तो सख्खा भाऊ आहे. मराठीतला 'हप्ता' कर्जफेडीकडे वळला, पण उर्दूत त्याने सातांचा आकडा सोडलेला नाही.

'पंद्रह दिन' हे मात्र सरसकट चूक ठरवू नये. सोमवारी 3 तारखेला दिलेला गृहपाठ फोर्टनाइटनंतर आणायचा असेल तर तो सोमवारी 17 तारखेला आणावा लागेल. फळ्यावर या तारखा ओळीने लिहून मुलांना मोजायला सांगावे: दोन्ही सोमवार धरले तर दिवस पंधरा भरतात, पण त्यांच्या मधल्या रात्री चौदाच होतात. सोमवार ते सोमवार या काळाला आपणही 'आठ दिवस' म्हणतो, 'आठवडा' म्हणतो, आणि त्यात रात्री सातच असतात. त्या सात रात्रींसाठी इंग्रजीत पूर्वी 'सेनाइट' असा शब्द होता. तो आता प्रचारातून गेला आहे.

शब्दातल्या 'फोर्ट'चा किल्ल्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीतील 'चौदा रात्री' या अर्थाचे दोन शब्द बोलता बोलता आखूड होऊन एक झाले. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. 98 च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहिताना, ते लोक दिवसांऐवजी रात्री मोजतात, असे नोंदवून ठेवले आहे, आणि इंग्रजी ही त्याच कुळातली भाषा आहे.

उर्दूभाषक मुलांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही, कारण गुरुवारला ती रोज 'जुमेरात' म्हणतात, म्हणजे शब्दशः शुक्रवारची रात्र. हिजरी कालगणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी लागणारी रात्र जुम्म्याच्या खात्यात जमा होते आणि त्या रात्रीचे नाव अख्ख्या वाराला मिळाले आहे. शब-ए-बरातही अशीच 14 शाबानचा सूर्य मावळल्यावर लागते. मला विचाराल तर व्याकरणाच्या कोणत्याही नियमाआधी 'जुमेरात' हा एक शब्द फळ्यावर लिहावा.

नियतकालिकाच्या संदर्भात मात्र 'दो हफ्ते' चालणार नाही. तेथे उर्दूत 'पंद्रह रोजा' हा रूढ शब्द आहे, जसे मराठीत 'पाक्षिक', आणि 'हफ्त रोजा' म्हणजे साप्ताहिक. 'बायवीकली' हा इंग्रजी शब्द मुलांना सुचवूच नये, कारण त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही. अमेरिकेत फोर्टनाइट फारसा वापरत नाहीत. तेथे सरळ दोन आठवडे म्हणतात.

'चौदहवीं का चाँद' मुलांना ठाऊक असतोच, त्याचाही येथे उपयोग होतो. फक्त मोजणी जपून करावी. चाँदरातीची, म्हणजे नवी चंद्रकोर दिसते ती, रात्र पहिली धरली तर पूर्ण चंद्राची रात्र चौदावी येते, म्हणजे त्या दोन रात्रींमधले अंतर तेराच रात्रींचे असते, आणि चौदहवींनंतरची पहाट उजाडते तेव्हा कोठे चौदा रात्री सरलेल्या असतात.