पाळकांचे मार्गदर्शक होताना: आधी ऐका

ताई, तरुण पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मसेवकांना, साथ द्यायची जबाबदारी घेतलीत, मनापासून आनंद झाला. सुरुवातीला फार वाचत बसू नका. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 18वा अध्याय तेवढा सावकाश वाचा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याचा सासरा यित्रो. यित्रोने आधी मोशेचं दिवसभराचं काम पाहिलं, मग प्रश्न विचारला आणि सल्ला त्यानंतर दिला. तो देऊन झाल्यावर आपल्या देशी परत गेला. मोशेची जागा घेतली नाही.

नवे मार्गदर्शक बहुतेक इथेच चुकतात. पाळकाने अडचण सांगायला सुरुवात केली, की लगेच "आमच्या वेळी..." सुरू होतं. त्याऐवजी "तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिलंत?" एवढंच विचारा आणि थांबा. शांतता लांबली तरी लांबू द्या.

पहिल्याच भेटीत हे ठरवा:

- महिन्यातून एकदा, तासभर, चर्चच्या आवाराबाहेर भेटायचं.
- बोलणं दोघांतच राहील. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीला नाही, बिशपांनाही नाही. अपवाद मात्र तेव्हाच स्पष्ट सांगा: कुणाला, विशेषतः मुलांना, इजा होत असेल किंवा मंडळीच्या (चर्चच्या) पैशांचा गैरव्यवहार असेल, तर गप्प राहता येणार नाही.

रविवारच्या उपदेशातल्या उणिवा त्याच दुपारी काढू नका, माणूस थकलेला असतो. घरच्यांची चौकशी जरूर करा. रविवार तर कामाचाच. निदान सोमवार तरी कुटुंबाला मिळतो का, हे विचारा.

चाचण्या, प्रशिक्षणाचे आराखडे नंतर बघू. पहिले सहा महिने एकाच पाळकासोबत चाला, दुसरा घेऊ नका.