पाहुण्यांचा आवाज त्यांच्याच खोलीत टिपा

प्रश्न : मी झूमवर मुलाखती घेऊन पॉडकास्ट करते. माझा आवाज स्वच्छ येतो, पण पाहुण्यांचा मध्येच पत्र्यासारखा वाजतो, शब्द तुटतात. जास्त वेगाचं इंटरनेट घेऊ का?

उत्तर : त्याने शब्द तुटणं कमी होईल, आवाज मात्र कॉलचाच राहील. कॉलमध्ये आवाज दाबून, लहान करून पाठवला जातो. वाटेत तुकडा हरवला की सॉफ्टवेअर ती जागा अंदाजाने भरतं. पत्र्यासारखा आवाज त्यातूनच येतो. एडिटिंगने हरवलेलं परत मिळत नाही. झूममध्ये प्रत्येकाची वेगळी फाइल मिळते खरी, पण तीही इंटरनेटवरून आलेल्या आवाजाचीच.

म्हणून कॉल फक्त बोलण्यापुरता ठेवा आणि दोघांनी आपापल्या यंत्रावर रेकॉर्ड करा. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर पुरतं. सेटिंग असं ठेवा : मोनो (एकच चॅनल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह (न दाबलेली फाइल). तासाची फाइल सुमारे ५२० एमबी होते, तेवढी जागा आधी बघा. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की मोठ्याने बोलतानाही मीटरवरची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहतील. शून्याला टेकलेला आवाज फाटतो.

हे अवघड वाटणाऱ्या पाहुण्यांना फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालेल. कॉल दुसऱ्या यंत्रावर घ्यायचा, फोन फ्लाइट मोडवर टाकून तोंडापासून वीतभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायचा. टॉवेलमुळे टेबलाची धडधड माइकपर्यंत पोचत नाही.

कॉलचंही रेकॉर्डिंग चालू ठेवा. पाहुण्यांना सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवायला सांगा. त्यांची फाइल कॉलमधल्या पहिल्या टाळीशी जुळवा. शेवटची टाळी थोडी सरकलेली दिसली तर घाबरू नका, दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. लांब विरामांत कापून तुकडे सरकवले की काम होतं.

प्रश्न : ब्लूटूथ इअरबड्स चालतील?

उत्तर : शक्यतो नको. त्यांचा माइक सुरू झाला की ब्लूटूथ संभाषणाच्या मोडमध्ये जातं आणि बहुतेक इअरबड्समध्ये ८ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज गळतो; 'स', 'श' बोथट होतात. वायरचे साधे इअरफोन दोघांनीही लावा. स्पीकरवर ऐकलं तर तुमचा आवाज पाहुण्यांच्या माइकमध्ये शिरेल, आणि तो नंतर वेगळा काढणं फार जिकिरीचं आहे. माइक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, किंचित बाजूला धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चा वारा थेट आदळणार नाही. पंखा बंद. उघड्या भिंतींच्या खोलीपेक्षा गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली केव्हाही चांगली, कारण माइक कितीही महाग असला तरी खोलीचा घुमारा तो टिपतोच.