डीव्हीडी कॉपी करताना स्टिरिओ ट्रॅक ठेवावा की ५.१? टीव्हीला तर दोनच स्पीकर आहेत.

घरातल्या विकत घेतलेल्या डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवताय, बहुतेक डिस्कवर २.० (दोन चॅनेलचा स्टिरिओ) आणि ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर असे सहा चॅनेल) असे दोन ट्रॅक दिसतायत, आणि दोन स्पीकरच्या टीव्हीसाठी ५.१ कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर: ५.१ ठेवाच. जागा असेल तर दोन्ही ठेवा. एकच ठेवायचा म्हणून ५.१ मात्र काढू नका.

मी नेमकं तेच केलं होतं. चाळीसेक डिस्क उतरवल्या, सगळीकडे फक्त स्टिरिओवर टिक. घर बदललं तेव्हा डिस्क देऊन टाकल्या. पुढे हॉलमध्ये पाच स्पीकर आणि सबवूफर आले, आणि ज्या सिनेमातला पाऊस थिएटरमध्ये पाठीमागून पडताना ऐकला होता, तो घरी समोरच्या दोन डब्यांतून पडायला लागला. सहा चॅनेलचे दोन कधीही करता येतात. दोनाचे सहा करणारी बटणं रिसीव्हरवर असतात, ती आवाज खोलीभर पसरवतात. पण साउंडवाल्याने कोणता आवाज कुठे ठेवला होता, ते काही परत मिळत नाही. त्या चाळीस सिनेमांची हळहळ मला अजून आहे.

जागेचा हिशोब बघा. डीव्हीडीवरचा डॉल्बी (आवाज दाबून साठवायची एक पद्धत) ५.१ ट्रॅक बहुधा ३८४ किंवा ४४८ केबीपीएसचा (सेकंदाला इतके किलोबिट) असतो, स्टिरिओ १९२ च्या आसपास. अडीच तासांच्या सिनेमाला ४४८ ने साधारण ५०० एमबी होतात, १९२ ने सव्वादोनशे. म्हणजे शंभर सिनेमांचे ५.१ ट्रॅक मिळून ५० जीबी. एक टीबीच्या डिस्कवर हे काहीच नाही. जागा खातं ते चित्र.

आता दोन स्पीकरवर ५.१ लावलं तर काय होतं? प्लेअर किंवा टीव्ही स्वतःच सहाचे दोन करतो. मधल्या चॅनेलमधले संवाद डाव्या-उजव्या दोन्हींत थोडे उतरवून मिसळतो, मागचे आवाजही तसेच. '.१' म्हणजे खोल धमधम, ती बहुतेक वेळा सोडून देतो. हे नीट झालं तर काही कळतही नाही. गडबड होते ती सेटिंगमध्ये. आमच्याकडे आई टीव्हीसमोर बसून सारखी विचारायची, "अरे, काय म्हणतोय तो?" गाणी दणदणीत आणि संवाद कुठेतरी विहिरीतून आल्यासारखे. बघतो तर टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकर '५.१' निवडलेले, आणि वायर मात्र दोनच स्पीकरची. मधला चॅनेल नसलेल्या स्पीकरकडे चालला होता. सेटिंग 'स्टिरिओ' केलं आणि आईला शब्दन् शब्द ऐकू यायला लागला. तेव्हा संवाद पुसट आले की ट्रॅकला दोष देण्याआधी हे तपासा. रात्री आवाज कमी ठेवून बघायचं असेल तर 'नाइट मोड' असेल तो लावा, त्याने मोठे आणि बारीक आवाज जवळ येतात.

५.१ चा हट्ट मी दोन ठिकाणी सोडतो. पहिलं, जुने सिनेमे. मूळ आवाज मोनो, आणि डिस्क काढताना त्याचं ५.१ केलेलं. कधी ते छान जमतं, पण कधी आवाजाला नुसता घुमारा दिलेला असतो. दहा मिनिटं ऐका. गायकाचा आवाज भांड्यातून आल्यासारखा वाटला तर मूळ ट्रॅकच खरा. दुसरं, मैफलीच्या डिस्क. तिथला स्टिरिओ कित्येकदा पीसीएम असतो, १५३६ केबीपीएस, म्हणजे अजिबात न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) आवाज. आणि शेजारच्या डॉल्बी ५.१ मध्ये सहाही चॅनेल ४४८ मध्ये बसवलेले. तानपुरा आणि गळा ऐकायचा तर मी पीसीएमच घेतो. जड वाटला तर 'फ्लॅक' फॉरमॅटमध्ये बदला, आकार उतरतो आणि आवाजातलं काहीही जात नाही.

डॉल्बीचं मात्र पुन्हा एमपी३ किंवा एएसी करून मूळ फेकू नका. आधीच दाबलेलं परत दाबलं की थोडं आणखी जातंच. डिस्क उतरवायच्या मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक जसेच्या तसे येतात. व्हिडिओ छोटा करणारं हँडब्रेक वापरत असाल तर ऑडिओला 'पासथ्रू' निवडा, म्हणजे आवाज न बदलता जातो.

आणि २.० लिहिलेला ट्रॅक म्हणजे सिनेमाचाच स्टिरिओ, असं धरून चालू नका. तो दिग्दर्शकाची कॉमेंट्री असू शकतो, दुसऱ्या भाषेतलं डबिंगही असू शकतं. टिक करण्याआधी व्हीएलसी प्लेअरमध्ये डिस्क लावून प्रत्येक ट्रॅक अर्धा मिनिट ऐका.

राहिला डीटीएस, म्हणजे डॉल्बीसारखाच सराउंड आवाजाचा दुसरा फॉरमॅट. पेनड्राइव्ह लावल्यावर चित्र दिसतंय आणि आवाज नाही, असं झालं तर बहुधा ट्रॅक डीटीएस असतो. बऱ्याच टीव्हींना तो चालत नाही. तो तसाच राहू द्या, त्यातूनच एक स्टिरिओ एएसी ट्रॅक जास्तीचा बनवा आणि एमकेव्हीटूलनिक्स या (एमकेव्ही फाइलमधले ट्रॅक जोडायच्या) सॉफ्टवेअरमध्ये तो 'डिफॉल्ट' करा. टीव्ही लावला की बहुधा आपोआप तोच वाजेल, आणि उद्या स्पीकर घेतलेत तर डीटीएस त्याच फाइलमध्ये तयार असेल.