कर्मचारी स्वतःच्या मोबाइल-लॅपटॉपवर काम करतात, त्यात खरा धोका कुठे असतो?

तुम्ही विचारलंय : चाळीसेक माणसांची कंपनी आहे, सगळे आपापल्या लॅपटॉप-मोबाइलवर काम करतात, अँटीव्हायरस सगळ्यांकडे आहे. एवढं पुरेसं आहे, की सरसकट बंदीच घालावी?

पुरेसं नाही. पण बंदीही घालू नका. गेली चौदा वर्षं मी कंपन्यांचं आयटी सांभाळतोय. बंदी आली की लोक फाइल गुपचूप स्वतःच्या मेलवर पाठवतात आणि घरी उघडतात. काम तसंच चालू राहतं, फक्त आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

धोका म्हटलं की पहिल्यांदा हरवलेला फोन डोळ्यांसमोर येतो. त्याची मला त्या मानाने कमी धास्ती वाटते. पासकोड धड असेल तर आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असतो, सहजासहजी हाती लागत नाही. झोप उडते ती टेबलावर शांतपणे चालू असलेल्या घरच्या लॅपटॉपमुळे.

२०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत चोरी झाली. बॅकअपच्या चाव्या तिथल्या फक्त चार इंजिनिअरांच्या हाती होत्या. हल्लेखोरांनी त्यातल्या एकाचा घरचा कॉम्प्युटर गाठला. त्यावर सिनेमे-गाणी चालवायचं एक सॉफ्टवेअर होतं, त्यातल्या त्रुटीवरचं अपडेट २०२० सालीच आलेलं होतं, पण ते टाकलेलंच नव्हतं. त्या फटीतून कीलॉगर, म्हणजे टाइप केलेली प्रत्येक कळ नोंदवणारं सॉफ्टवेअर, शिरला आणि इंजिनिअरने मास्टर पासवर्ड टाइप केला तसा तो टिपला गेला. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची ओटीपीसारखी दुसरी तपासणी होती, ती रीतसर पारही पडली होती. ऑफिसच्या बाजूने बघणाऱ्याला काय दिसलं असेल? आपलाच माणूस आपल्याच पासवर्डने आत आलाय.

असंच एक प्रकरण मी जवळून पाहिलंय. आमच्या एका सिस्टिममध्ये रात्री-अपरात्री लॉगिन दिसायला लागली, म्हणून त्या सहकाऱ्याच्या परवानगीने त्याचा घरचा लॅपटॉप तपासायला बसलो. ब्राउझरमधली सेव्ह केलेल्या पासवर्डची यादी उघडली : वीजबिल, मुलाच्या शाळेचं पोर्टल, दोन शॉपिंग साइट आणि त्यांच्या खालोखाल आमच्या सर्व्हरचं अ‍ॅडमिन लॉगिन. डाउनलोड्समध्ये मुलाने उतरवलेला गेमचा क्रॅक, म्हणजे पैसे न देता गेम चालवायची चोरटी फाइल, पडलेली होती. क्रॅक चालेना, म्हणून मुलानेच अँटीव्हायरस तासभर बंद केला होता. तेवढ्यात सगळी यादी गेली, वर ब्राउझरमधल्या कुकीही, म्हणजे आपण आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या नोंदी, गेल्या. या कुकींचं गांभीर्य फार कमी लोकांना ठाऊक असतं. चालू सेशनची, म्हणजे उघड्या लॉगिनची कुकी हाती लागली की चोराला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. त्यामुळे अशा वेळी नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, आधी त्या खात्याची सगळी सेशन बंद करावी लागतात.

हे आमच्याच नशिबी आलं असं नाही. २०२४ मध्ये कंपन्यांचा डेटा क्लाउडवर साठवणाऱ्या स्नोफ्लेकच्या ग्राहकांचा डेटा चोरीला गेला, तेव्हा मँडियंट या सायबरसुरक्षा कंपनीच्या तपासात काही ठिकाणी सुरुवात कंत्राटदारांच्या अशाच लॅपटॉपवरून झालेली आढळली. त्यांवर गेम होते, पायरेटेड सॉफ्टवेअर होतं आणि कामही त्यांवरच चालायचं. जवळपास १६५ संस्थांना सावध करावं लागलं. चोरीला गेलेले काही पासवर्ड २०२० पासून बदललेलेच नव्हते आणि त्या खात्यांना टू-फॅक्टर नव्हतं.

सगळ्यांना कंपनीचे लॅपटॉप दिले तर? फरक पडतो, पण पूर्ण सुटका नाही. २०२३ मध्ये ओक्टा या इतर कंपन्यांचं लॉगिन सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने कंपनीच्याच लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःचं गूगल खातं उघडलं होतं. सर्व्हिस अकाउंटचा, म्हणजे माणसाऐवजी सिस्टिमच्या कामासाठीच्या खात्याचा पासवर्ड त्या खासगी खात्यात सेव्ह झाला आणि चोर १३४ ग्राहकांच्या फाइलींपर्यंत पोचले. म्हणून यंत्र कोणाचं यापेक्षा कामाचा पासवर्ड कुठे जाऊन बसतो, याकडे जास्त लक्ष द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. खासगी यंत्रावर काय घडतंय हे आपल्याला दिसत नाही. कर्मचाऱ्याने सांगितलं तरच कळतं. आणि तो सांगेल की नाही, हे आपला नियम ठरवतो. एका कंपनीत नियम होता की फोन हरवला तर आयटी तो पूर्ण पुसणार. तिथल्या एका बाईंचा फोन शुक्रवारी संध्याकाळी गेला, आम्हाला कळलं सोमवारी दुपारी. फोन सापडेल या आशेवर त्या शोधत राहिल्या, कारण वडिलांचे शेवटचे फोटो फक्त त्यातच होते. अडीच दिवस ऑफिसचा मेल त्या फोनवर उघडा होता. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. चूक नियमाची होती, आणि तो आम्हीच लिहिला होता.

आज असा नियम ठेवण्याचं काही कारणच उरलेलं नाही. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून वर्क प्रोफाइल, म्हणजे फोनमध्येच कामाचा वेगळा कप्पा आहे, त्यातल्या अ‍ॅपवर ब्रीफकेसचं छोटं चिन्ह दिसतं. आयफोनमध्ये २०१९ पासून त्यासाठीच यूझर एनरोलमेंट ही सोय आहे. दोन्हींत कंपनीला फक्त कामाचा कप्पा पुसता येतो, खासगी फोटो आणि मेसेज ना दिसतात ना पुसले जातात. लोकांना हे नुसतं सांगू नका. एका फोनवर सगळ्यांसमोर कप्पा पुसून दाखवा, फोटो जागेवर आहेत हे त्यांना बघू द्या. मी हे केलं त्या आठवड्यात, आधी टाळाटाळ करणारे बरेच जण स्वतःहून फोन घेऊन आले.

लॅपटॉपचं मात्र इतकं सोपं नाही. तिथे मी एक रेघ ओढतो : अ‍ॅडमिन अधिकार, पगार आणि बँकेचे व्यवहार हाताळणाऱ्यांना कंपनीचाच लॅपटॉप. तुमच्याकडे अशी पाच-सहा माणसं असतील, तेवढा खर्च कराच. बाकीच्यांनी स्वतःचा वापरावा, पण कामासाठी वेगळं यूझर खातं, घरातल्या कोणाला त्याचा पासवर्ड नाही, अपडेट आपोआप आणि फाइल डाउनलोड न करता क्लाउडवरच उघडायची. टू-फॅक्टर सगळ्यांना, जमेल तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोन-लॅपटॉपच्याच बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन.

नोकरी सोडणाऱ्यांचं बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. मेल बंद होतो, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, गॅलरीतले कागदांचे फोटो, खासगी ड्राइव्हवरचे बॅकअप तसेच राहतात. शेवटच्या दिवशी त्यांच्यासोबत अर्धा तास बसा आणि एकेक काढून घ्या.

सुरुवात करायला काही विकत घ्यावं लागणार नाही. तुमचा मेल गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल, तर अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये कोणत्या खात्याला कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत ते दिसतं. ती यादी काढा आणि ज्या उपकरणाचा मालक कोण हे कोणालाच सांगता येत नाही, त्याचं लॉगिन आजच बंद करा.